दिव्यांगांचे अनुदान सांध्यावर अडते

संपादक महोदय,

संजय गांधी निराधार अनुदान योजनेतले दिव्यांग लाभार्थी तहसील कार्यालयात सध्या एकच प्रश्न घेऊन येतात : नाव यादीत आहे, मग पैसे कुठे आहेत? या योजनेचे काम पाहणाऱ्या संगांयो (संजय गांधी योजना) शाखेतला कारकून यादी दाखवतो, बँक म्हणते आमच्याकडे काही जमा नाही. दोघेही खरेच बोलत असतात. घोळ आहे तो १९८० पासूनची जुनी पद्धत आणि २०२४ च्या अखेरीस आलेली थेट लाभ हस्तांतरणाची पद्धत, म्हणजे डीबीटी, यांच्या सांध्यावर.

आधी तहसीलदार बँकेला नावे आणि खाते क्रमांकांची यादी पाठवत. ज्या खात्याचा क्रमांक, त्याच खात्यात रक्कम. आता डीबीटीचे पोर्टल खाते क्रमांक पाहत नाही, आधार क्रमांक पाहते आणि तो आधार ज्या बँकेशी शेवटचा जोडला गेला तिकडे पैसे वळवते. अर्जाला जोडलेली पासबुकाची झेरॉक्स इथे काहीच ठरवत नाही. मध्यंतरी कुणी पोस्टात, कुणी मोबाइलवरून एखाद्या खासगी बँकेत खाते उघडले आणि तिथल्या आधार जोडण्याच्या संमतीच्या चौकटीवर न वाचता टिचकी मारली, तर अनुदान त्या विसरलेल्या खात्यात साठत राहते. लाभार्थी मात्र जिल्हा बँकेचे जुने पासबुक दर महिन्याला भरून आणतो.

बँकेत 'आधार लिंक आहे का?' एवढेच विचारू नये. केवायसीसाठी आधार दिलेले असले तरी उत्तर 'हो' येते. विचारायचे ते असे : 'डीबीटीसाठी एनपीसीआयचे सीडिंग चालू आहे का, आणि कोणत्या बँकेला?' एनपीसीआय म्हणजे बँकांमधली देवघेव चालवणारी राष्ट्रीय संस्था, आणि सीडिंग म्हणजे सरकारी पैसे कोणत्या बँकेत जावेत यासाठी तिच्याकडे असलेली आधार आणि बँकेची जोडणी. माय-आधार संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस'मध्ये बँकेचे नाव आणि सीडिंग चालू की बंद, हे दोन्ही दिसते. त्यासाठी आधारला मोबाइल क्रमांक जोडलेला हवा, कारण ओटीपी त्यावरच येतो. बँक चुकीची निघाली तर हव्या त्या बँकेच्या शाखेत सीडिंगचे संमतीपत्र भरून द्यायचे, पोच घ्यायची आणि काही दिवसांनी पुन्हा तपासायचे. खाते दोन वर्षे व्यवहाराविना पडून निष्क्रिय झाले असेल, तर आधी केवायसी करून ते चालू करून घ्यावे. सरकारी अनुदानासाठी शून्य शिलकीवर उघडलेले खाते केवळ व्यवहार नाहीत म्हणून निष्क्रिय ठरवू नये, असे रिझर्व्ह बँकेचे १ एप्रिल २०२४ पासूनचे निर्देश आहेत. हे शाखेतच माहीत नसते, म्हणून सांगावे लागते.

दुसरा सांधा दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा. जिल्हा शल्यचिकित्सकांचे कागदी प्रमाणपत्र, त्यानंतरचे राज्याच्या एसएडीएम या संगणक प्रणालीतले ऑनलाइन प्रमाणपत्र आणि आता केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवरचे वैश्विक ओळखपत्र म्हणजे यूडीआयडी, अशा तीन पिढ्या लोकांच्या पिशवीत एकत्र सापडतात. १९९५ च्या जुन्या दिव्यांग कायद्याखालचे प्रमाणपत्र त्यावरच्या मुदतीपर्यंत वैध आहे, असे २०१७ चे नियम सांगतात. तेव्हा कायमस्वरूपी प्रमाणपत्र असलेल्याने यूडीआयडीचा अर्ज भरताना 'प्रमाणपत्र आहे' हाच पर्याय निवडून ते अपलोड करावे. सेवा केंद्रावरचा पोऱ्या घाईत 'नाही' दाबतो आणि माणूस पुन्हा पहिल्यापासून तपासणीच्या रांगेत उभा राहतो. दिव्यांगत्वाच्या मोजमापाचे निकष २०१८ मध्ये आणि पुन्हा मार्च २०२४ मध्ये बदलले आहेत. त्यामुळे नव्याने तपासणी झाली की टक्केवारी जुनीच राहील, असे गृहीत धरता येत नाही. ४० टक्क्यांच्या खाली गेले की अनुदानही गेले. तात्पुरते प्रमाणपत्र असेल तर मुदत संपण्याच्या तीन-चार महिने आधी अर्ज करावा. प्रमाणपत्र देण्याची मुदत २०२४ च्या सुधारित नियमांनी एक महिन्यावरून तीन महिन्यांवर नेली आहे.

आणि नावे! आधारवर 'सुनीता बाळू', प्रमाणपत्रावर माहेरचे आडनाव, पासबुकात सासरचे. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी, दाखल्यावर दुसरीच. माणूस एकच आहे हे कुणालाही कळते, यंत्राला कळत नाही. म्हणून दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा : आधी आधार, मग त्याबरहुकूम यूडीआयडी, मग बँक, आणि सगळ्यात शेवटी तहसील. उलट्या क्रमाने केलेली दुरुस्ती दोनदा करावी लागते.

सर्वात अवघड प्रकरणे बौद्धिक दिव्यांग आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्या प्रौढांची. पूर्वी आईच्या खात्यावर भागत असे. आता पैसे लाभार्थ्याच्याच आधारावर येतात, म्हणून खाते त्याच्याच नावाचे लागते. १८ वर्षांनंतर ते चालवण्यासाठी बँक पालकत्वाचा कागद मागते, तो राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती देते. बोटे नसतील किंवा ठसे उमटत नसतील तर आधार केंद्रावर 'बायोमेट्रिक अपवाद' म्हणून नोंद करता येते. 'ठसा येत नाही, पुढच्या महिन्यात या' हे उत्तर मान्य करू नये.

रकमेबद्दल. २०२३ पासूनचे दरमहा १५०० रुपये दिव्यांगांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून २५०० करण्याचा निर्णय झाला. पण जी दिव्यांग बाई यादीत 'विधवा' म्हणून नोंदली गेली आहे, तिला यंत्र दिव्यांग मानत नाही. तिने यूडीआयडीची प्रत जोडून प्रवर्ग बदलण्याचा लेखी अर्ज द्यायला हवा. उत्पन्नाची अट तर वेगळ्याच जमान्यातली : दिव्यांगांसाठी कुटुंबाचे वर्षाला ५० हजार. घरातला एक माणूस ३०० रुपये रोजाने २०० दिवस मजुरीला गेला की ६० हजार होतात. मग दाखल्यावर काय लिहून आणतात हे तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत सर्वांना ठाऊक आहे.

सामाजिक न्याय विभागाने दोन गोष्टी कराव्यात. रक्कम परत आली की त्याचे कारण (सीडिंग बंद, खाते निष्क्रिय, नाव जुळत नाही) गावनिहाय छापून ग्राम महसूल अधिकाऱ्यामार्फत (म्हणजे तलाठ्यामार्फत) लाभार्थ्याच्या हातात त्याच महिन्यात द्यावे. ही माहिती यंत्रणेत असतेच. आणि कागद दुरुस्त झाल्यावर अडकलेल्या महिन्यांची थकबाकी वेगळा अर्ज न मागता जमा करावी.

— एक वाचक, सातारा