पाठीमागचा फोटो मागितला होता

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत छंदांविषयीचा लेख वाचला. जुनी नाणी, तिकिटं, सह्या असं काही ऑनलाइन लिलावात घेणाऱ्यांना लेखकाने शेवटी एकच सल्ला दिला आहे: अनोळखी विक्रेत्याकडून घेऊ नका. वाचून हसू आलं. ऑनलाइन लिलावात ओळखीचा विक्रेता आणायचा कुठून? दोन्हीकडची माणसं एकमेकांना अनोळखी, म्हणून तर मधे संकेतस्थळ लागतं. संशय आला की करायचं काय, हे कुणी सांगत नाही. मी बरीच वर्षं तिकिटं जमवते. एकदा चांगली फसले, एकदा थोडक्यात वाचले, आणि एकदा स्वतःच दुसऱ्याला फसवायच्या बेतात होते. तिसरी गोष्ट शेवटी सांगते.

फसले ती पेनी ब्लॅकवर. हे जगातलं पहिलं टपाल तिकीट, १८४० सालचं. ते अतिदुर्मीळ आहे असा पुष्कळांचा समज असतो. तसं नाही, साडेसहा कोटींहून जास्त छापली गेली. भाव ठरतो तो समासावर. तेव्हा तिकिटांना भोकांच्या कडा नव्हत्या, २४० तिकिटांच्या तावातून कात्रीने कापून द्यायचे. कापणाऱ्याचा हात जरा इकडेतिकडे गेला की कात्री चित्रात घुसायची. त्यामुळे चारही बाजूंना पांढरा समास शाबूत असलेलं तिकीट भाव खातं. लबाडीही तिथेच होते. तीन समास असलेलं अस्सल तिकीट घ्यायचं आणि चौथा चिकटवायचा. तिकीट खरं, राणी खरी, वरचा लाल शिक्काही खरा. खोटी असते ती एका बाजूची मिलिमीटरभर पट्टी.

माझ्या विक्रेत्याने फक्त पुढचा फोटो टाकला होता. जोड असेल तर पाठीवर दिसतो, म्हणून मी पाठीमागचा मागितला. उत्तर आलं ते जसंच्या तसं आठवतं: "मला यातलं काही कळत नाही, वारशात मिळालेला अल्बम आहे. कॅमेरा बिघडलाय. आणखी तिघं विचारतायत, बघा तुमचं तुम्ही." आता पाहा, ज्या कॅमेऱ्याने पुढचा फोटो इतका सुरेख काढला तो पाठ काढायच्या वेळी बिघडला. हे मला तेव्हा दिसलं नाही असं नाही. दिसलं, पण मी ते बाजूला सारलं, कारण चार समास माझ्या डोळ्यांपुढे नाचत होते. तज्ज्ञांपुढे चालणार नाही अशी वस्तू असली की विक्रेता अडाण्याचं सोंग घेतो. ज्याला खरोखर कळत नसतं तो विचारल्यावर चार फोटो जास्तच पाठवतो, पट्टी ठेवून, वजन करून पाठवतो. त्याला लपवायचं काय ते ठाऊकच नसतं.

म्हणून बोलीआधी एक तरी नेमका प्रश्न विचारावा असं माझं मत आहे. "खरं आहे ना?" हा प्रश्न बिनकामाचा. पाठीचा फोटो, जलचिन्हाचा (कागदाच्या आतच उमटवलेल्या खुणेचा) फोटो, नाण्याची कड, वजन, आणि वस्तूशेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून काढलेला एक फोटो, असं काहीतरी मागावं. चिठ्ठीचा फायदा असा की दुसऱ्याच्या लिलावातून उचललेल्या फोटोंवर दुकान चालवणारा तिथे अडकतो. फोटो टाकून तो आणखी कुठे आहे ते इंटरनेटवर शोधलं की तोच फोटो पाच वर्षांपूर्वीच्या लिलावात सापडतो, हेही मी दोनदा पाहिलं आहे. आणि सगळी बोलाचाली संकेतस्थळाच्या निरोपांतच ठेवावी. "बाहेर बोलू, कमिशन वाचेल, पैसे थेट पाठवा" असं म्हणणाऱ्याशी पुढे एक शब्दही बोलू नये.

चांगल्या अभिप्रायांचा आकडा पाहून मीही निर्धास्त होत असे. आता आकड्याखालचं वाचते. शंभरातले नव्वद अभिप्राय मोबाइलच्या कव्हरांचे आणि किल्ल्यांच्या जुडग्याला लटकवायच्या खेळण्यांचे असतील, आणि कालपासून अचानक सोन्याची नाणी विकायला निघाली असतील, तर ते खातं एकतर त्यासाठीच पोसलेलं असतं नाहीतर कुणाचं तरी चोरलेलं.

बोल्यांची यादीही वाचावी. आपण कमाल रक्कम भरून ठेवतो आणि यंत्रणा आपल्या वतीने लागेल तेवढीच बोली लावत जाते. विक्रेत्याचाच साथीदार बारीक बारीक बोल्या लावत आपल्या कमाल रकमेला जाऊन टेकतो. कधी ती ओलांडतो, मग "चुकून जास्त आकडा टाकला" म्हणून बोली मागे घेतो. आपली मर्यादा त्याला कळलेली असते. काही संकेतस्थळं बोली लावणाऱ्याचं नाव झाकतात, पण त्याच्या किती टक्के बोल्या याच विक्रेत्याच्या मालावर आहेत ते दाखवतात. माझ्या पेनी ब्लॅकवर माझ्याशी शेवटपर्यंत झुंजलेल्या त्या सद्गृहस्थांचा आकडा शंभर टक्के होता. हे मी लिलाव जिंकल्यावर पाहिलं.

या प्रकाराचं गाजलेलं उदाहरण २००० सालचं. ईबेवर एक मोठं अमूर्त चित्र २५ सेंटपासून लिलावाला निघालं आणि १,३५,८०५ डॉलरपर्यंत गेलं. विक्रेत्याने चित्रकाराचं नाव घेतलंच नव्हतं. जुन्या सामानाच्या विक्रीत मिळालेलं चित्र, मुलाच्या खेळण्यातल्या गाडीने त्याला पडलेलं भोक, अशी एक घरगुती हकिगत तेवढी सांगितली होती. फोटोत कोपऱ्यात 'आरडी ५२' अशी अक्षरं होती. त्यावरून हे नामवंत अमेरिकन चित्रकार रिचर्ड डिबेनकॉर्नचं असणार, विकणाऱ्या बावळटाला कळलेलं दिसत नाही, असं खरेदीदारांनी आपणहून ठरवलं. हा बावळट पेशाने वकील निघाला. तो आणि त्याचे साथीदार एकमेकांच्या मालावर बोल्या लावत होते. विक्री रद्द झाली आणि पुढच्या वर्षी त्यांच्यावर अमेरिकेत आरोप ठेवले गेले. मला यात खोट्या बोल्यांपेक्षा ती भोकाची गोष्ट जास्त शिकवून गेली. समोरचा अडाणी आहे आणि त्याच्या अडाणीपणाचा फायदा मला मिळतोय, असं वाटायला लागलं की समजावं, जाळं आपल्या मापाचं विणलेलं आहे.

माझं पार्सल आलं. भिंगाखाली सगळं ठीक वाटलं. मग अतिनील दिवा लावला. साधारण १९५० पासून कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं घालू लागले. ती या दिव्याखाली निळसर पेटल्यासारखी दिसतात. माझं तिकीट मळक्या तपकिरी रंगाचं दिसत होतं आणि डाव्या कडेला दोऱ्याएवढी निळी रेघ झळकत होती. १८४० च्या कागदाला विसाव्या शतकातली कड!

इथे दुसरी चूक केली. लगेच तक्रार नोंदवायची सोडून त्याच्याशी निरोपांची देवाणघेवाण करत बसले. तो फार गोड बोलला. आधी घरात आजारपण, मग बँकेची सुट्टी, मग "अर्धे पैसे देतो, तक्रार नका करू". दोन आठवडे असे गेले आणि तक्रारीची मुदत टळली. त्या दिवसापासून त्याचं उत्तर नाही. असल्या लोकांना मुदतीची तारीख आपल्यापेक्षा नीट पाठ असते. अर्धवट परताव्यात आणखी एक मेख असते: तक्रार एकदा आपण मागे घेतली की बहुतेक ठिकाणी ती पुन्हा उघडता येत नाही.

पुढच्या वेळी शहाणी झाले होते. चांदीचा जुना अमेरिकन मॉर्गन डॉलर घेतला. पाकीट उघडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ काढला, पाकिटावरच्या पत्त्यापासून नाणं वजनकाट्यावर पडेपर्यंत. या डॉलरचं वजन २६.७३ ग्रॅम असायला हवं. झीज धरून थोडं कमी चाललं असतं. काट्याने २३ च्या आतलं दाखवलं, तेही एकही ओरखडा नसलेल्या कोऱ्या करकरीत नाण्याचं. वर ते लोहचुंबकाला चिकटलं. चांदी चिकटत नाही. त्याच संध्याकाळी "वर्णनाशी न जुळणारी वस्तू" या सदरात तक्रार केली. विक्रेत्याशी वाद घातला नाही, त्याला चोर म्हटलं नाही, नुसतं वजन आणि व्हिडिओ. माग काढता येईल अशा टपालाने नाणं परत पाठवलं. पैसे आले.

प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीतलं, प्रतवारी केलेलं नाणं घेतलं की चिंता नाही असं सांगणारेही भेटतात. डबीसुद्धा नकली निघते. लेबलावरचा क्रमांक प्रतवारी करणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर जाऊन तपासावा आणि तिथला फोटो, असल्यास, नाण्यावरच्या ओरखड्यांशी जुळवून पाहावा. क्रमांक खरा आणि नाणं दुसरंच, असंही होतं.

आता ती तिसरी गोष्ट. पेनी ब्लॅकचे पैसे बुडाले होते. एका रात्री मी लिलावाचं पान उघडलं, पुढचा फोटो टाकला आणि वर्णनात लिहिलं: "जुन्या संग्रहातलं, आहे तसं, परत घेतलं जाणार नाही." पाठीचा फोटो टाकला नाही. लिहिलेलं पुन्हा वाचताना माझ्या लक्षात आलं की हे त्याचंच वर्णन आहे, जवळजवळ त्याच शब्दांत. कदाचित तोही कुणाकडून असाच फसला असेल. बाजारात फिरणारा बराचसा खोटा माल मूळ भामट्यांच्या हातून केव्हाच सुटलेला असतो. नुकसान भरून काढायला निघालेली आमच्यासारखी माणसं तो पुढे ढकलत राहतात. मी ते पान पुसून टाकलं. पुण्य वगैरे काही नाही, लाज वाटली.

जाँ द स्पेराती नावाचा एक नामी नक्कलकार होऊन गेला. स्वस्त अस्सल तिकिटावरची छपाई धुऊन तो त्याच कागदावर महाग तिकीट छापायचा. जलचिन्ह खरं, शिक्का खरा. १९४२ मध्ये लिस्बनला पाठवलेलं त्याचं पाकीट फ्रेंच कस्टमने पकडलं. मौल्यवान तिकिटं चोरून परदेशी धाडल्याचा आरोप आला आणि तज्ज्ञांनी ती अस्सल ठरवली. सुटण्यासाठी त्याला स्वतःलाच ओरडून सांगावं लागलं की ही खोटी आहेत, मी केली आहेत! पुढे १९५४ मध्ये ब्रिटनमधल्या तिकीटसंग्राहकांच्या संघटनेने त्याचा साठा आणि साधनं विकत घेतली, ती बाजारात येऊ नयेत म्हणून. इतका खटाटोप मला परवडणार नाही. मी माझ्या तिकिटाच्या पाठीवर टोकदार पेन्सिलने "डावा समास जोडलेला" एवढं लिहिलं आणि ते अल्बमच्या शेवटच्या पानावर लावलं.

विनंती एवढीच आहे. लिलावात कुणाला किती कोटी मिळाले याची बातमी आपण फोटोसकट छापता. कधी एखाद्या खोट्या नगाचाही छापावा. माझ्या पेनी ब्लॅकचे दोन फोटो सोबत जोडले आहेत, एक साध्या उजेडातला आणि एक अतिनील दिव्याखालचा. माझं नाव छापू नये. फोटो मात्र मोठे छापावेत, ती निळी रेघ फार बारीक आहे.

आपली,
एक तिकीटसंग्राहक