बंदीच्या दिवसांत डिझेल पंप खोलताना

संपादक महोदय,

१ जूनला मासेमारी बंदी लागली की नौका वर ओढल्या जातात, जाळी दुरुस्तीला निघतात आणि इंजिनाची साचलेली कामेही तेव्हाच काढली जातात. याच ६१ दिवसांत इंजिनाचा डिझेल पंप (सिलिंडरकडे दाबाने डिझेल पाठवणारा) खोलून ‘साफ’ करून ठेवण्याची घाई होते. त्याविषयी थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण चांगला चालणारा पंप समुद्रावर नव्हे, तर साफसफाईच्या टेबलावर खराब झाल्याचे पुष्कळदा दिसते.

कोकणातल्या अनेक ट्रॉलरवर ट्रकच्या जातीचे सहा सिलिंडरचे इंजिन असते आणि त्याला इनलाइन पंप असतो. त्यात सहा एलिमेंट एका ओळीत बसतात. एलिमेंट म्हणजे बॅरल (पोकळ नळी) आणि त्यात वरखाली होऊन डिझेल ढकलणारा प्लंजर (दांडा). या दोघांतली फट दोन-तीन मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. या फटीत रबर नाही, रिंग नाही. डिझेलला अडवते ती फक्त फटीची बारीकी आणि प्लंजरला वंगण मिळते तेही डिझेलचेच. म्हणून प्लंजरवर काळपट डाग दिसला की पॉलिश पेपर किंवा व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावणे म्हणजे एलिमेंट भंगारात काढणे होय. डाग जातो, प्लंजर चकचकीत दिसतो आणि फट वाढते. डिझेलचा चिकट थर बसलेला असेल तर भाग स्वच्छ डिझेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवावेत, मग मऊ नायलॉन ब्रशने धुवावेत. तरीही न निघालेला थर ॲसिटोनने सुटतो, पण त्याआधी सगळ्या ओ-रिंग (रबरी कड्या) काढून बाजूला ठेवाव्यात, नाहीतर त्या फुगतात.

सुरुवात मात्र पंप खोलण्याआधीच होते. पाइप काढले की सगळी तोंडे टोपणांनी बंद करून पंप बाहेरून रॉकेलने धुवावा. बॉडी ॲल्युमिनियमची असेल तर कॉस्टिक सोड्याच्या जवळही नेऊ नये. सोडा ॲल्युमिनियम खातो. सहा एलिमेंटसाठी सहा खणांचा ट्रे हवा आणि प्रत्येक खणात त्या-त्या नंबरचा प्लंजर, बॅरल, डिलिव्हरी व्हॉल्व्ह (डिझेल पाइपात सोडणारी झडप), स्प्रिंग आणि शिम (पातळ चकती) राहिले पाहिजेत. एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलमध्ये गेला की जोडी मोडली, कारण कारखान्यात ते दोघे एकमेकांसाठीच लॅप केलेले (घासून जुळवलेले) असतात. पुसायला सुती चिंधी किंवा कॉटन वेस्ट नको, तंतू आत राहतो. शेवटचे धुणे नेहमी गाळलेल्या टेस्ट ऑइलमध्ये (पंप तपासताना वापरायच्या तेलात) करावे. पेट्रोलने धुण्याची सवय सोडलेली बरी: आगीचा धोका आहेच, शिवाय पेट्रोल तेलाचा पापुद्रा काढून टाकते आणि आपल्या पावसाळी खाऱ्या हवेत कोरडा प्लंजर तांबूस व्हायला वेळ लागत नाही. घामाच्या बोटाचा ठसाही गंज धरतो. प्लंजर खालच्या टोकाने धरावा.

एलिमेंट ठेवायचे की बदलायचे, हे अंदाजाने ठरवू नये. टेस्ट ऑइलमध्ये बुडवून बॅरल साधारण साठ अंशांत तिरपा धरावा, प्लंजर एक तृतीयांश बाहेर ओढून सोडावा. तो आपल्या वजनाने, न अडकता, सावकाश खाली आला पाहिजे. प्लंजर थोडा फिरवून हेच दोन-तीनदा करावे. अडकला तर घाण किंवा ओरखडा आहे. झटकन पडला तर झीज झाली आहे. डिलिव्हरी व्हॉल्व्हच्या सीटचे खालचे भोक बोटाने बंद करून व्हॉल्व्ह दाबावा. बोट तसेच असताना तो उसळून वर यायला हवा, बोट काढताच खाली बसायला हवा. उसळला नाही तर त्याचा रिलीफ पिस्टन झिजला आहे. असा व्हॉल्व्ह इंजेक्शननंतर पाइपातला दाब पुरेसा उतरवत नाही, नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे तोंड) टिपकते आणि मग लोक धुराचा दोष नोझलला देत बसतात.

प्लंजरच्या हेलिक्सजवळ (तिरक्या खाचेजवळ) किंवा वरच्या कडेला राखाडी, निस्तेज पट्टा नजरेला दिसत असेल तर गाळातल्या बारीक रेतीने तो भाग घासला गेला आहे. बारीक खड्डे असतील तर पाण्याचा गंज. दोन्हींवर धुणे हा इलाज नाही, नवी जोडीच घालावी लागते. झिजलेल्या एलिमेंटची एक जुनी खूण नौकेवरही ओळखता येते: थंड इंजिन लगेच सुरू होते, पण गरम बंद केले की पुन्हा सुरू होत नाही. गरम डिझेल पातळ होते आणि स्टार्टरच्या कमी वेगात फटीतून निसटते. पंपावर ओले फडके टाकून ते सुरू करणारे खलाशी हुशारच, पण ती दुरुस्ती नव्हे. गरम पंपावर थंड पाणी ओतले तर प्लंजर जाम होऊ शकतो. दुसरी खूण पंपाच्या कॅम बॉक्समधल्या (प्लंजर उचलणाऱ्या कॅमच्या पेटीतल्या) ऑइलची. त्याची पातळी वाढत असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर एलिमेंटमधून गळती खाली उतरते आहे. काही पंपांना वंगण इंजिनातून मिळते. तिथे इंजिन ऑइल वाढलेले दिसते आणि बेअरिंगचे आयुष्य घटते.

जोडणी करताना डिलिव्हरी व्हॉल्व्ह होल्डर टॉर्क रेंचनेच (जोर मोजून आवळणाऱ्या पान्यानेच) आवळावा. हाताच्या जोरावर जास्त आवळला तर बॅरल दबतो आणि धुवून मोकळा झालेला प्लंजर आत अडकतो. प्लंजर आणि त्याला फिरवणारी कंट्रोल स्लीव्ह यांच्या खुणा जुळवणे ही तर जिवावरची गोष्ट आहे: प्लंजर उलटा बसला तर रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी सरकती पट्टी) कितीही मागे घेतला तरी डिझेल कमी होत नाही आणि इंजिन सुसाट सुटते. प्रत्येक एलिमेंट बसवल्यावर रॅक बोटाने हलवून पाहावा. घट्ट झाला तर तिथेच थांबून तेच एलिमेंट तपासावे.

इतके झाल्यावरही पंप तयार झालेला नसतो. सहा सिलिंडरच्या पंपात इंजेक्शनची सुरुवात कॅमच्या साठ-साठ अंशांवर व्हायला हवी, फरक अर्ध्या अंशाच्या आत. मग डिलिव्हरी, म्हणजे प्रत्येक एलिमेंट किती डिझेल देते ते. एक हजार स्ट्रोकला ६० घनसेंटिमीटर म्हणजे एका स्ट्रोकला जेमतेम ६० घनमिलीमीटर, एक-दोन थेंब. हा हिशेब कानाने किंवा धुराच्या रंगाने होत नाही, त्याला टेस्ट बेंच (पंप फिरवून डिझेल मोजणारे यंत्र) लागतो आणि त्या पंपाच्या नंबरचा चार्ट लागतो. फुल लोड स्क्रू (जास्तीत जास्त डिझेलची मर्यादा ठरवणारा) फिरवून ‘पिकअप’ वाढवून देणारे कारागीर लोकप्रिय असतात. नौकेला थोडी ओढ वाढते, पण एक्झॉस्ट काळा होतो, पिस्टन तापतात आणि डिझेलचा खर्च तांडेलाला (नौकेच्या प्रमुखाला) महिन्याअखेर कळतो.

म्हणून नौकामालकांना सुचवावेसे वाटते की, बिलासोबत सहाही सिलिंडरच्या डिलिव्हरीचा छापील तक्ता मागा, बदललेले जुने भाग परत मागा आणि स्क्रूचे सील पाहूनच पंप ताब्यात घ्या. मच्छीमार सोसायट्यांनी मोजपट्टीला पाणी तपासायची पेस्ट लावून आपल्या डिझेल टाकीचा तळ रोज तपासावा. पाणी निघाले तर ते काढून टाकेपर्यंत विक्री थांबवावी.

नौकेची टाकी बंदीत अर्धी ठेवू नये. रिकाम्या भागातल्या हवेतला ओलावा आत थंड होऊन तळाला पाणी म्हणून साचतो आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर शेवाळासारखा चिकट गाळ वाढतो. १ ऑगस्टच्या आदल्या दिवशी टाकीच्या तळाचे आणि सेपरेटरमध्ये (डिझेलमधले पाणी वेगळे करणाऱ्या भांड्यात) साचलेले पाणी काढून घ्यावे, दोन्ही फिल्टर नवे टाकावेत, प्रायमिंग करून (हाताने डिझेल भरून) एअर काढावी, आणि इंजिन सुरू करण्याआधी स्टॉप लिव्हर शेवटपर्यंत ओढून रॅक खरोखर मागे येतो का, हे एकाने पंपाजवळ उभे राहून पाहावे.

— डिझेल पंप दुरुस्तीतले काही कारागीर, रत्नागिरी