आईला, जॉन्सन सिटीहून

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तब्येत उत्तम. थंडी पडलीय, पण तुझी गोधडी आहे. आणि इथे अमेरिकेत, टेनेसी राज्यात, बंदुका दुकानात मिळत असल्या तरी माझ्या गल्लीत कुत्रंसुद्धा भुंकत नाही. टीव्हीवरचं सगळं खरं मानू नकोस.

इथली एक गंमत कळवते. निवडणूक आली की लोक अंगणातल्या हिरवळीत पाटी रोवतात. पाटाएवढी असते, खाली तारेचे दोन पाय. कोणाचं मत कोणाला, ते सगळ्या गल्लीला दिसतं. पाटी कोणी उपटत नाही, पोलीसही येत नाहीत. शेजारच्या आजींना विचारलं, "पैसे किती देतात?" त्या हसतच सुटल्या. त्यांच्या दारात एका पक्षाची पाटी, समोर भावाच्या दारात दुसऱ्याची. रविवारी जेवायला मात्र दोघं एकत्र.

म्हणाल्या, आमच्याकडे हे जुनंच आहे. इथून जवळच्या हॅपी व्हॅलीतले टेलर बंधू, अगदी सख्खे, १८८६ साली गव्हर्नरपदासाठी समोरासमोर उभे राहिले. थोरला आल्फ रिपब्लिकन, धाकटा बॉब डेमोक्रॅट. वडिलांनाही दारूबंदीवाल्यांच्या पक्षाने उभं राहायला विचारलं होतं, ते नको म्हणाले. नाहीतर घरातच तिरंगी लढत! दोघं गावोगाव बरोबर फिरायचे, एकाच मंचावर एकमेकांना झोडपायचे आणि मग फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवायचे. बॉबवाल्यांचा गुलाब पांढरा, आल्फवाल्यांचा तांबडा. एकदा आल्फचं भाषण बॉबनेच आधी पाठ करून ठोकून दिलं म्हणे. बॉब सोळा हजारांवर मतांनी जिंकला. आल्फ गव्हर्नर झाला तो थेट १९२० ला निवडून येऊन, बहात्तराव्या वर्षी. ते बघायला बॉब उरला नव्हता. दोघांच्या कबरी याच गावात, एकाच दफनभूमीत आहेत. परवा जाऊन आले.

हे दादाला वाचून दाखव. बाळूलाही, पण मी सांगितलं म्हणू नकोस. सरपंचकीपायी गणपतीत दोन आरत्या झाल्या, हे मला मावशीकडून कळावं? मी असते तर... असो, नव्हते.

पन्नास हजार पाठवलेत, ते पत्र्यांसाठी. त्यातला रुपयाही प्रचारात जाऊ देऊ नकोस, दोघांच्याही.

दिवाळीला येणं होत नाही, रजा उरली नाही. रागावू नकोस. सांगलीच्या स्थळाचा फोटो पाहिला. नाही म्हणून कळवू नकोस. हो म्हणूनही नको.

तुझी,
ताई