टीएमएस म्हणजे सर्वरोगहर चुंबक नव्हे

महोदय,

नैराश्यावरील 'टीएमएस' (ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, म्हणजे चुंबकाने मेंदूला चेतना देणे) या उपचाराला अनेक जण अजूनही 'शॉक'च समजतात. यात भूल नसते, झटका आणायचा नसतो. डोक्यावर धरलेल्या कॉइलमधल्या चुंबकीय स्पंदनांमुळे मेंदूच्या वरच्या थरात सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो. १९८५ मध्ये इंग्लंडमधील शेफील्डचे संशोधक अँथनी बार्कर यांनी हे तंत्र दाखवले. २००८ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध व वैद्यकीय उपकरण नियामक संस्थेने औषधाने गुण न आलेल्या नैराश्यासाठी यंत्राला मान्यता दिली. पुरावा आहे, पण ठरावीक आजारांपुरता.

आपल्याकडे मात्र स्मरणशक्ती, ऑटिझम, अगदी परीक्षेतली एकाग्रता यांसाठीही त्याच्या जाहिराती दिसतात. मुलांच्या बाबतीत हे फारच खटकते. आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे हेलपाटे, वर खर्च. आणि विम्याचे पैसे बहुधा रुग्णालयात दाखल झाल्यावरच मिळतात. डोक्यात धातूची क्लिप किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवलेले यंत्र) आहे का, पूर्वी कधी फिट आली होती का, हे न विचारताच पॅकेजचा आकडा सांगणाऱ्या केंद्राची पायरी चढू नये. कोणत्या आजारांवर हा उपचार सिद्ध झाला आहे, त्याची मराठी यादी केंद्राच्या दर्शनी भागात लावणे आरोग्य विभागाने सक्तीचे करावे.

– एक वाचक, सातारा