उद्योजक तीच होती

महोदय,

माझ्या पत्नीच्या निधनाची बातमी देताना एका वार्ताहराने तिचा उल्लेख 'उद्योजकाच्या पत्नी' असा केला. उद्योजक तीच होती. मी तिच्याकडे पगारावर हिशेब लिहायचो! वहीत नफा दिसला की मी खूश. ती विचारायची, "वसुली किती झाली? उधारीवर पगार होत नाहीत." कामगारांचे पगार झाल्याशिवाय तिने स्वतःसाठी कधी पैसे उचलले नाहीत. धाकट्या भावाला कर्ज दिलं तेही लेखी करारावर, हप्ते ठरवून. तो महिनाभर रुसला होता. परवा कपाट आवरताना तो करार सापडला. शेवटचे तीन हप्ते तिने स्वतःच भरून खातं मिटवलं होतं. कागद हातात घेऊन भाऊ तिथेच खाली बसला.

– एक वाचक