‘ॲप’चे एकदा काय ते ठरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुद्रितशोधनातून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी हातात पेन्सिल घेतल्याशिवाय मला वर्तमानपत्र वाचता येत नाही. परवा आपल्या अंकात झटपट कर्जाच्या नावाखाली होणाऱ्या फसवणुकीची बातमी होती. मथळ्यात ‘ॲप’, मजकुरात ‘ऍप’ आणि शेजारच्या चौकटीत ‘अँप’. पहिली दोन एकवेळ चालवून घेऊ. तिसऱ्यात चंद्राबरोबर बिंदूही डोक्यावर चढला आहे, म्हणजे शब्द आता नाकातून म्हणायचा!

केवळ शुद्धलेखनाच्या हट्टापायी हे पत्र लिहिलेले नाही. मी विषयवार कात्रणे ठेवतो. हल्ली कात्री कमी चालते, आपल्या संकेतस्थळावर जुन्या बातम्या शोधून त्यांची नोंद करतो. या विषयासाठी ‘ॲप’ शब्द टाकला, तर ज्या बातम्या मी स्वतः वाचल्याचे पक्के आठवत होते त्याच गायब. ‘ऍप’ टाकल्यावर निराळ्याच निघाल्या. मग एका जुन्या बातमीतला शब्द जसाच्या तसा उचलून शोधपट्टीत डकवला, तर तिसराच ढीग समोर आला. गंमत अशी की हा डकवलेला शब्द आणि मी सुरुवातीला टाकलेला शब्द यांत मला भिंग लावूनही फरक दिसेना.

फरक डोळ्यांना दिसण्यासारखा नव्हताच. भारतीय लिप्यांसाठी जे संगणकीय प्रमाणक ठरले, त्यात या उच्चारासाठी ‘ऍ’ होता, म्हणजे ए या अक्षरावर चंद्र. तोच पुढे युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांसाठीच्या सामाईक संगणकीय प्रमाणकात आला. मराठी माणसाला मात्र अ वर चंद्र हवा होता आणि तसे स्वतंत्र अक्षर उपलब्ध नव्हते. म्हणून लोकांनी आधी अ टंकला आणि त्यावर चंद्राची मात्रा दिली: ‘अॅ’. ही जोडी काही संगणकांना मंजूर नसे; ते दोहोंच्या मध्ये ठिपक्यांचे एक वर्तुळ आणून बसवीत, अजूनही काही ठिकाणी बसवतात. त्यावर कोणा हुशार माणसाने तोड काढली. दोन्ही खुणांच्या मध्ये एक अदृश्य जोडखूण घातली की वर्तुळ जाते: ‘अ‍ॅ’. कागदावर हे दोन्ही सारखेच, पण यंत्राच्या लेखी एक दोन खुणांचा आणि दुसरा तीन खुणांचा.

शेवटी एप्रिल २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत ‘ॲ’ हे अख्खे अक्षर आले. तुकडे जोडू नका, हेच अक्षर वापरा, असे युनिकोडच्या तक्त्यातही स्पष्ट आहे. पुढच्याच वर्षी, ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने ॲ आणि ऑ मराठी वर्णमालेत रीतसर घेतले आणि आपल्या बाराखडीची चौदाखडी झाली. म्हणजे अक्षर मिळाले, सरकारी मान्यताही मिळाली. तरीही जुन्या सवयी, जुने कळफलक आणि जुन्या टंकांतून रूपांतरित केलेला मजकूर यांमुळे चारही रूपे आजतागायत एकत्र नांदत आहेत. पाचवे ते नाकातले.

यंत्राने ही रूपे आपली आपण एक का मानू नयेत, असा प्रश्न मलाही पडला होता. काही अक्षरांच्या बाबतीत तसे होते. आपला ‘ऱ’ एकसंध टंका, नाहीतर र ला खाली नुक्ता (ठिपका) देऊन टंका. युनिकोडच्या नियमानुसार दोन्ही एकच. ‘ॲ’ला ही सवलत नाही. एकसंध ॲ, तुकड्यांचा अॅ आणि ऍ ही संगणकाच्या दृष्टीने निरनिराळी लेखने, आणि शोधयंत्रात मुद्दाम सोय केली नसेल तर एकाचा शोध घेताना दुसरे सापडत नाही. ‘वाचकाला कळते ना, मग झाले’ हे उत्तर शिशाच्या खिळ्यांच्या काळात ठीक होते, कारण तेव्हा छापलेला शब्द फक्त माणूस वाचत असे. आता माणसापर्यंत बातमी पोचवायची की नाही, हे आधी यंत्र ठरवते.

माझ्या पसंतीचे विचाराल तर मी ‘ऍ’वाला. आयुष्यभर ‘ऍडव्होकेट’, ‘ऍसिड’, ‘ऍम्ब्युलन्स’ असेच तपासत आलो आणि ते रूप माझ्या डोळ्यांना अजूनही भरदार वाटते. पण वर्णमालेत ‘ॲ’ आहे, शाळेतल्या मुलांच्या तक्त्यात ‘ॲ’ आहे, माझ्या फोनच्या कळफलकावरही ‘ॲ’च आहे. एका म्हाताऱ्याच्या डोळ्यांच्या सवयीसाठी याविरुद्ध जाण्यात अर्थ नाही.

इंग्रजी पत्रकारितेत असे निर्णय घेतले जातात आणि सांगितलेही जातात. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या लेखनसंहितेने २०११ मध्ये ‘ई-मेल’मधली आडवी रेघ काढली, २०१६ मध्ये ‘इंटरनेट’चे पहिले अक्षर मोठे लिहिणे सोडले. दोन्ही वेळा वाद झाले, पण त्यांच्या वार्ताहरांना तरी काय लिहायचे ते कळले. आपल्याकडे ‘ई-मेल’, ‘ईमेल’, ‘इमेल’ किंवा ‘डेटा’, ‘डाटा’ यांवर भांडायला भरपूर जागा आहे, आणि भांडावे. तिथे उच्चार, रूढी, व्याकरण असे काहीतरी पणाला लागलेले असते. ‘ॲप्स’ म्हणावे की ‘ॲपे’ हाही प्रश्न सवडीने सोडवता येईल. मराठी प्रतिशब्द हवा की नको, हे तर फारच पुढचे. पण ‘ॲप’ कसे लिहायचे यात मतभेदाला जागाच उरलेली नाही. राहिले आहे ते फक्त घरातले नियम एकसारखे करणे.

काम तसे एका दुपारचे आहे. मजकूर पानावर जाण्यापूर्वी जिथे साठवला जातो, तिथे बाकीच्या तिन्ही रूपांच्या जागी आपोआप ‘ॲ’ येईल अशी सोय बसवावी. अदृश्य जोडखूण माणसाच्या नजरेस पडणारच नाही, त्यामुळे ते काम मुद्रितशोधकावर टाकू नये. तो बिचारा दिवसभर पाहील आणि सगळे बरोबर आहे म्हणून सही करील. ‘अँ’ मात्र आंधळेपणाने बदलू नये, नाहीतर ‘अँ, काय म्हणालास?’ असे कोणी कथेत लिहिले तर त्याचाही ॲ होईल. त्यासाठी माणूसच हवा. जुन्या बातम्यांना हात लावण्याची गरज नाही. त्या जशा छापल्या तशाच राहोत, फक्त शोधताना चारही रूपे एकच धरावीत.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक

ता. क. : हे पत्र छापणार असाल तर त्यातली सगळी लेखने आहेत तशीच ठेवावीत. आपल्या संगणकाने ती सरसकट ‘दुरुस्त’ केली, तर मी इतका वेळ कशावर बोलत होतो ते कोणालाच कळायचे नाही.