गोदेच्या पुराच्या जुन्या नोंदी खुल्या व्हाव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी नाशिकच्या एका महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकते. यंदाच्या उन्हाळ्यात पुण्यातील एका संशोधन संस्थेत दोन महिने इंटर्नशिप करताना उपग्रहाच्या रडार चित्रांतून पुराचे पाणी ओळखायला संगणकाला शिकवणे, हे माझे काम होते. त्यात आलेली एक अडचण नाशिककरांपुढे आणि विशेषतः आपल्या वृत्तपत्रापुढे मांडावीशी वाटते.

युरोपीय अंतराळ संस्थेने २०१४ पासून सोडलेल्या सेंटिनेल-१ मालिकेतील उपग्रहांची चित्रे कोणालाही विनामूल्य मिळतात आणि ढगांचा अडथळा त्यांच्या रडारला होत नसल्याने ऐन पावसाळ्यातही ती उपयोगी पडतात. संथ पाण्यावर पडलेल्या रडारच्या लहरी उपग्रहाकडे न परतता पलीकडे निघून जातात, म्हणून चित्रात पाणी काळे दिसते. डोंगराची रडार-सावलीही, म्हणजे डोंगराआड जिथे रडारच्या लहरी पोहोचत नाहीत तो भागही, तितकाच काळा असतो. पहिल्याच आठवड्यात माझ्या प्रारूपाने (पाणी ओळखायला शिकवलेल्या संगणकीय मॉडेलने) ब्रह्मगिरीच्या कड्याखाली भलेमोठे तळे दाखवले! त्र्यंबकेश्वरला लहानपणापासून जाणारी मी हसले, पण संगणकाला ते कोण सांगणार? जमिनीच्या उंचीची माहिती जोडल्यावर ती चूक बरीच कमी झाली. नदीकाठच्या दाट वस्तीत याच्या उलट घडते. पाणी आणि भिंत अशा दोन्हींवर आपटून परतलेली लहर चित्र उजळवते आणि पाण्याखालची गल्ली कोरडी भासते.

शिवाय एक उपग्रह त्याच मार्गावर बारा दिवसांनी परततो, आणि गंगापूर धरणाच्या विसर्गाने चढलेली गोदावरी तोवर केव्हाच उतरलेली असते. त्यामुळे कोणत्या दिवशी, किती वाजता, पाणी कुठवर आले होते, याची जमिनीवरची नोंद हाती नसेल तर प्रारूपाचे उत्तर तपासता येत नाही. अशा नोंदींसाठी एका कार्यालयात तीन खेपा घातल्यावर मला हस्तलिखित वहीच्या पुसट झेरॉक्स मिळाल्या. पातळी कोणत्या खुणेपासून मोजली, याचा त्यांत उल्लेख नव्हता.

नाशिककरांची स्वतःची मोजपट्टी मात्र पात्रातच उभी आहे. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले, छातीला लागले, मारुती बुडाला, असे आपण पिढ्यानपिढ्या बोलतो आणि वर्तमानपत्रेही तसेच छापतात. मूर्तीच्या या भागांची समुद्रसपाटीपासूनची उंची एकदा काटेकोर मोजली, तर जुन्या बातमीतील ‘छातीपर्यंत पाणी’ हे शब्द मीटरमध्ये वाचता येतील. १९६९ आणि २००८ च्या पुरांच्या वेळी हे उपग्रह आकाशात नव्हतेच. त्या पुरांबाबत आपल्या दप्तरातील बातम्या आणि छायाचित्रे हाच मोठा आधार ठरू शकतो.

म्हणून विनंती अशी, की आपल्या वृत्तपत्राने गोदावरीच्या पुरांची जुनी छायाचित्रे, शक्य तेथे तारीख, वेळ आणि ठिकाण देऊन, विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी उपलब्ध करावीत. जलसंपदा विभागानेही गंगापूर धरणाच्या विसर्गाचे मागील आकडे वेळेनुसार, संगणकाला थेट वाचता येतील अशा तक्त्यांत द्यावेत. पूर चालू असताना जाहीर होणारे क्युसेकचे आकडे पुढे शोधू गेल्यास सापडणे कठीण जाते. मारुतीच्या मोजणीसाठी, पावसाळा सरून पात्र उतरले की, सर्वेक्षणाची साधने मिळाल्यास आम्ही काही विद्यार्थी यायला तयार आहोत.

आपली विश्वासू,
एक विद्यार्थिनी, नाशिक